छप्पन्न अंश आणि हजार वॅट

३० मे २०२४ रोजी नागपुरात ५६ अंश तापमान नोंदलं गेल्याची बातमी आली, तेव्हा विदर्भात फारसं कुणी दचकलं नाही. मे महिन्यात इथे दुपारी डांबर चपलेला चिकटतं. ४६ काय आणि ५६ काय! हवामान खात्याने मात्र तपासणी केली आणि त्या स्वयंचलित केंद्राचा संवेदकच बिघडला असल्याचा खुलासा केला. शहराचा खरा उच्चांक मे २०१३ मधला, ४७.९ अंशांचा. छप्पन्नचा आकडा टिकला नाही, कारण तो कशाने मोजला, कुठे मोजला, कोणत्या स्थितीत मोजला हे कुणीतरी विचारलं.

दिवाळीच्या तोंडावर नागपूरच्या बर्डी बाजारात होम थिएटर घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक हे विचारत नाही. रामटेकहून पन्नासेक किलोमीटर येऊन, दोन-चार दुकानं पालथी घालून माणूस थकलेला असतो. मग संवाद साधारण असा होतो.

"काकाजी, हे घ्या. हजार वॅट हाये. भित हालते पहा."

"अन् ते वरचं?"

"ते सत्तर वॅटचं. कंपनी मोठी हाये, पैसे तिप्पट हायेत. पण वॅट किती, तर सत्तर!"

काकाजी आयुष्यभर हिशेबाला पक्के राहिलेले. तिप्पट पैसे देऊन चौदावा हिस्सा वॅट कोण घेईल? हजारवालं खोकं गाडीत बसतं, आणि आठ दिवसांत घरात तक्रार सुरू होते की मारामारी दणक्यात ऐकू येते, पण नायिका काय बोलली ते काही कळत नाही.

चूक काकाजींची नाही. बाजाराने त्यांच्या हातात चुकीची फूटपट्टी दिली. मोजक्या पैशांत ही वस्तू निवडताना वॅटचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा, आणि पाहिलाच तर त्याच्याखालची बारीक अक्षरं वाचावीत. ती नसतील तर आकडा नाहीच असं समजावं.

मुळात होम थिएटरमधली रिसीव्हर नावाची ही पेटी करते काय? रिसीव्हर हे नाव रेडिओच्या काळातलं. नागपूर आकाशवाणी १९४८ मध्ये सुरू झाली तेव्हा लहरी पकडणारा जो संच घरोघरी कौतुकाने मिरवला जायचा, तो रिसीव्हर. पुढे लहरी पकडणारा भाग आणि आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत बसले आणि नाव तेच राहिलं. आज ही पेटी रेडिओ सोडून बाकीचीच कामं जास्त करते. टीव्हीकडून आलेला आकड्यांच्या रूपातला आवाज ती उलगडते, त्याच्या वेगवेगळ्या वाटा करते, खर्ज सबवूफरकडे पाठवते आणि उरलेल्या प्रत्येक वाटेला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देते. १९९२ च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून चित्रपटगृहांत डॉल्बी डिजिटल आलं. पुढे घरात शिरलेलं 'फाइव्ह पॉइंट वन' म्हणजे हीच वाटणी: पुढे तीन, मागे दोन आणि खर्जाची एक वेगळी वाट. पुढच्या तिघांतला मधला स्पीकर सर्वांत महत्त्वाचा. चित्रपटातले बहुतेक संवाद त्याच्याच वाट्याला येतात.

आता बारीक अक्षरांकडे. यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ हा २०१८ साली आलेला साधा, पाच स्पीकर चालवणारा रिसीव्हर उदाहरणाला घेऊ. त्याच्या माहितीपत्रकात एकाच पेटीचे वेगवेगळे वॅट दिलेले आहेत. एक आकडा ७० चा: ८ ओहमचे स्पीकर, दोन वाटा एकाच वेळी चालू, २० ते २०,००० हर्ट्झ म्हणजे माणसाला ऐकू येणारा सगळा पट्टा, आणि विकृती ०.०९ टक्के. दुसरा आकडा १३५ चा: ६ ओहम, एकच वाट चालू, १,००० हर्ट्झचा एकच सूर, आणि विकृती तब्बल १० टक्के. दहा टक्के विकृती म्हणजे ज्याला आपण 'आवाज फाटला' म्हणतो ते. पेटी तीच. मोजायची अट ढिली केली की सत्तरचे एकशे पस्तीस होतात. आणि ही तर अटी छापणारी कंपनी. एकशे पस्तीसला पाचाने गुणून ६७५ लिहिलं, थोडं वर सरकवलं, की हजाराचं खोकं तयार. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ' नावाचे हजारो वॅट छापले जायचे. त्याच घराण्याची ही पुढची पिढी.

पडताळा घ्यायला शिक्षण लागत नाही. पेटी उलटी करून मागची पट्टी वाचावी. पेटी विजेच्या बोर्डातून किती वॅट ओढते ते तिथे लिहिलेलं असतं. ढोलाच्या एखाद्या थापेला पेटी साठवणीतून क्षणभर जास्त देऊ शकते, पण साठ वॅट ओढणाऱ्या पेटीतून सतत हजार वॅट बाहेर पडत असतील, तर कोराडीचं औष्णिक वीजकेंद्र बंद करून तिथे अशाच पेट्या मांडायला हव्यात.

अमेरिकेत हा गोंधळ १९७४ मध्येच आवरला गेला. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने घरगुती अ‍ॅम्प्लिफायरचे वॅट जाहीर करताना मोजणीच्या अटी सांगायला लावल्या, आणि २०२४ मध्ये नियम आणखी घट्ट केला: ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, विकृती १ टक्क्याच्या आत. आपल्याकडे अ‍ॅम्प्लिफायरवर भारतीय मानक ब्युरोचा जो नोंदणी क्रमांक दिसतो, तो सुरक्षिततेचा असतो. धक्का बसू नये, आग लागू नये यासाठीचा. आतले वॅट खरे की फुगवलेले, हे तो सांगत नाही. फ्रिज घेताना आपण तारे मोजतो, किती युनिट जळतील तेही पट्टीवर वाचतो. आवाजाच्या पेटीलाही अशी एक ओळ सक्तीची करायला ग्राहक व्यवहार खात्याला फार मोठी यंत्रणा लागणार नाही. आठ ओहम, सगळा पट्टा, विकृती इतकी, वॅट इतके, संपलं. ती ओळ छापली जाईपर्यंत विचारण्याचं काम गिऱ्हाइकालाच करावं लागेल.

बरं, सत्तर वॅट पुरतात का? पुरून उरतात. कान वॅटच्या सरळ हिशेबाने ऐकत नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे 'थोडा वाढवला का?' असं विचारण्याइतपत. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वॅट दसपट करावे लागतात. उलट स्पीकर नीट निवडला तर हेच काम फुकटात होतं. एका वॅटवर एका मीटर अंतरावर ८७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी ९० देणारा घेतला, तर रिसीव्हर न बदलता त्याचे वॅट दुप्पट झाल्यासारखं होतं. तो ८७ वाला स्पीकरसुद्धा तीन मीटरवर बसलेल्या माणसाला एका वॅटमध्ये सत्तरच्या वर डेसिबल पोहोचवतो. ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, हे लक्षात घेतलं तर भिंत हलवण्याची गरज नेमकी कुणाला आहे, असा प्रश्न पडतो. गणपतीच्या मिरवणुकीतल्या डीजेने आपल्या सगळ्यांचेच कान बिघडवून ठेवलेत, त्याचा हा परिणाम असावा.

खरी अडचण खोलीत आहे, आणि तिच्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही.

समजा, रामटेकला लागून असलेल्या शीतलवाडीत काकाजींचं घर आहे. हॉल चौदा बाय अकरा. एका टोकाला टीव्ही, समोरच्या भिंतीला टेकून दिवाण. खाली गुळगुळीत टाइल्स, बाजूला काचेचं शोकेस, त्यात नातवाची बक्षिसं. हॉलच्या मध्ये उभं राहून टाळी वाजवली तर टणकन आवाज येतो आणि क्षणभर घुमत राहतो. पडद्यावरच्या प्रत्येक शब्दाचं हेच होतं. एक शब्द विरण्याआधी दुसरा त्याच्यावर येऊन आदळतो. इथे हजार वॅट ओतले तर हजार वॅटचा टणत्कार मिळेल. त्याऐवजी जमिनीवर जाड सतरंजी, खिडकीला दुहेरी पडदा आणि शोकेसच्या काचेसमोर थोडी पुस्तकं, इतक्यानेही संवाद सुटे सुटे होऊ लागतात. या बदलाला रिसीव्हरच्या मानाने फारसा खर्च येत नाही.

त्यात उन्हाळ्यात खिडकीला कूलर. विदर्भात मार्च ते जून हा घरातला कायमचा वादक. त्याचा पंखा आणि गवतावरून झिरपणारं पाणी यांचा मिळून एक सलग घोष चालतो, आणि कुजबुजीचा प्रसंग आला की तो कुजबुज गिळून टाकतो. मग घरातला कुणीतरी आवाज वाढवतो, पुढच्याच मिनिटाला गाडी फुटते आणि आतून आईची हाक येते. अनेक रिसीव्हरांमध्ये यावर साधा इलाज असतो: मधल्या स्पीकरची पातळी तीन-चार डेसिबल वर घ्यायची, आणि मोठ्या-लहान आवाजातलं अंतर कमी करणारी रात्रीची सोय चालू करायची. ज्याला मधला स्पीकर वेगळा जोडता येतो आणि वेगळा वाढवता येतो, तो साधा रिसीव्हरही कूलरपुढे टिकतो. खरेदी करताना या दोन गोष्टी रिमोटवर कुठे आहेत हे दाखवायला सांगावं. दुकानदाराला त्या सापडल्या नाहीत तर घरी कुणाला सापडणार नाहीत.

खर्जाची गोष्ट आणखी गमतीची. चौदा फुटांच्या, म्हणजे सव्वाचार मीटरच्या खोलीत ४० हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींच्या मध्ये उभा राहतो. भिंतीपाशी तो प्रचंड वाढतो आणि खोलीच्या मध्यावर जवळपास नाहीसा होतो. म्हणून भिंतीला टेकलेल्या दिवाणावर काकाजींच्या छातीत धडधड होते, आणि मध्ये खुर्ची टाकून बसलेला मुलगा 'सबवूफर चालू आहे का?' असं विचारतो. दोघंही खरं बोलत असतात. यावर जुना, बिनपैशाचा उपाय आहे. सबवूफर उचलून दिवाणावर, काकाजींच्या जागी ठेवायचा. खर्जाचं एखादं गाणं लावायचं आणि खोलीच्या कडेकडेने रांगत फिरायचं. जिथे खर्ज भरीव पण स्वच्छ लागेल ती सबवूफरची जागा. नातवंडं हे काम आनंदाने करतात. मोठ्यांनी दार लावून करावं.

रामटेकच्या माणसाला खर्ज कसा असावा हे खरं तर कुणी शिकवायला नको. वा. वि. मिराशींसारख्या अभ्यासकाने मेघदूतातला रामगिरी तो रामटेकचाच डोंगर असं मांडलं, आणि त्या काव्यातला यक्ष मेघाला सांगतो की उज्जयिनीत महाकालाच्या सायंपूजेला पोहोच आणि आपल्या गर्जनेने तिथल्या नगाऱ्याचं काम कर. आषाढात रामटेकच्या गडावरून येणारा गडगडाट ज्याने ऐकलाय त्याला माहीत आहे की तो दुरून येतो, भरीव असतो आणि स्वयंपाकघरातल्या बरण्या खणखणवत नाही. दुकानातला सबवूफर ऐकताना आठवण त्याची ठेवावी, लग्नाच्या वरातीची नव्हे.

खोलीचे हे दोष काही रिसीव्हर स्वतःच थोडेफार सावरतात. सोबत आलेला छोटा माइक बसण्याच्या जागी ठेवला की पेटी प्रत्येक स्पीकरमधून आवाज सोडते, अंतर आणि पातळी मोजते आणि दुरुस्ती करते. वर सांगितलेल्या यामाहात ही सोय आहे. काही स्वस्त मॉडेलांत तीच वगळलेली असते. दोन पेट्यांमध्ये अडलं असेल, एकीवर तीस वॅट जास्त आणि दुसरीत माइक असेल, तर डोळे मिटून माइकवाली घ्यावी.

जोडणीवर मात्र फार पैसे घालवण्यात अर्थ नाही. पूर्वी डीव्हीडी, डिश, गेम असं सगळं रिसीव्हरला जोडावं लागायचं, म्हणून मागची छिद्रं मोजली जायची. आता चित्रपट आणि मालिका टीव्हीच्या आतल्या अ‍ॅपवरच चालतात. २००९ पासून एचडीएमआयमध्ये 'आर्क' नावाची सोय आली, तिच्यामुळे टीव्हीचा आवाज त्याच केबलने उलटा रिसीव्हरकडे येतो. म्हणजे एक केबल पुरते. फक्त टीव्हीच्या सेटिंगमध्ये एक खोच असते. डिजिटल आवाज 'पीसीएम'वर ठेवलेला असेल तर पाच वाटांचा आवाज सहसा दोनच वाटांचा होऊन येतो, आणि तो 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू'वर केला की मागचे स्पीकर खऱ्या अर्थाने जागे होतात. पाच स्पीकर विकत घेऊन वर्षानुवर्षं दोनाचाच आवाज ऐकणारी घरं कमी नसावीत. स्पीकरला जायची वायरही चकचकीत पाकिटातली घेण्याची गरज नाही. घरातल्या अंतराला दीड स्क्वेअर एमएमची लवचीक दोनतारी वायर पुरते. ती तांब्याची आहे, वर तांबं चढवलेलं अ‍ॅल्युमिनियम नाही, एवढं पाहून घ्यावं.

डॉल्बी अ‍ॅटमॉस हे डोक्यावरून येणाऱ्या आवाजाचं तंत्र २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आलं आणि आता खोक्याखोक्यावर छापलेलं असतं. त्यासाठी छताला स्पीकर लागतात, किंवा आवाज छतावर आपटून खाली आणणारे तरी. पत्र्याच्या, कौलाच्या किंवा पंख्याने भरलेल्या छताखाली त्याची पूर्ण मजा येणं कठीण. थोडक्या पैशांत तो हट्ट सोडून द्यावा.

आता पैशांचा हिशेब. नामांकित कंपनीचा नवा रिसीव्हर साधारण तीसेक हजारांच्या खाली सहसा मिळत नाही. पन्नास हजार खिशात असतील तर उरलेल्या विसात पाच स्पीकर आणि सबवूफर असा सगळा संसार थाटायचा मोह होतो, आणि तिथेच फसायला होतं. प्रत्येकी तीन हजारांचे पाच डबे घेण्यापेक्षा पुढचे दोन चांगले स्पीकर आधी घ्यावेत. रिसीव्हरला मधला स्पीकर नाही असं सांगितलं की तो संवाद दोघांत समान वाटून देतो आणि मधोमध बसलेल्याला ते पडद्यातूनच आल्यासारखे वाटतात. बाजूला बसणाऱ्यांसाठी मधला स्पीकर पुढच्या दिवाळीत, सबवूफर त्याच्या पुढच्या. मागचे दोन सर्वांत शेवटी, कारण घरात जे पाहिलं जातं त्यातलं पुष्कळसं मागे जातच नाही. १९७२ चा 'पिंजरा' पाहताना मागचे स्पीकर कामाविना बसून राहतात. लावणी समोरच चाललेली असते.

जुना रिसीव्हर घेणं या हिशेबात चांगलं बसतं. पंधरा वर्षांपूर्वीच्या पेटीला आजचं फोर-के चित्र झेपत नाही म्हणून लोक ती मातीमोल विकतात. पण चित्र टीव्हीच दाखवणार असेल तर पेटीकडून फक्त आवाज हवा, आणि तो ऑप्टिकल केबलनेही पाच वाटांत येतो. घेताना प्रत्येक वाट वाजवून पाहावी, आवाजाची कळ फिरवताना खरखर येते का ऐकावं, अर्धा तास चालू ठेवून हात लावावा. सुट्या भागांचं मात्र गृहीत धरू नये; ऑन्कियोसारख्या नावाजलेल्या जपानी कंपनीनेही २०२२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली होती. आणि अमेरिकेतला पुतण्या तिकडून स्वस्तात रिसीव्हर आणतो म्हणाला तर आधी पट्टीचा फोटो मागवावा. तिकडची पेटी १२० व्होल्टची असते. इथल्या २३० व्होल्टच्या बोर्डात थेट लावली तर ती पहिल्याच दिवशी धूर काढेल. वॉरंटीही तिकडेच राहते.

मग साउंडबार काय वाईट? मुळीच वाईट नाही. दहा बाय दहाच्या खोलीत, एका वायरीत काम संपवायचं असेल तर बरा साउंडबार हेच शहाणपण, आणि हजार वॅटच्या त्या खोक्यापेक्षा तर नक्कीच. फरक इतकाच की साउंडबारमधला एक भाग गेला की बहुधा सगळाच जातो, आणि त्यात पुढच्या दिवाळीत भर घालता येत नाही. रिसीव्हर बिघडला तरी स्पीकर राहतात. लाकडी पेटीचा चांगला स्पीकर वीस-पंचवीस वर्षं सहज काढतो. त्या काळात दोन रिसीव्हर बदलून होतात.

घरी आणल्यावर पेटीला हवा द्यावी. टीव्हीच्या युनिटमधला बंद कप्पा दिसायला छान, पण बाहेर पंचेचाळीस अंश असताना आतली पेटी स्वतःची उष्णता कुठे टाकणार? वर भरपूर मोकळी जागा हवी, वरच्या जाळीवर क्रोशाचा रुमाल नको आणि त्यावर डिशचा डबा तर अजिबात नको. दाब कमी-जास्त होत असेल तर स्टॅबिलायझर लावावा. जूनमध्ये गडाच्या मागे पहिली वीज चमकली की रिसीव्हरचा प्लग काढावा आणि गच्चीवरून येणारी डिशची केबलही सोडवून ठेवावी. नुसतं बटण बंद करून भागत नाही, आणि बरेचदा झटका केबलमधूनच येतो.